देवाची वाटी

हसू नका, पण तीन महिने मी देवाच्या वाटीत जेवलो. वजनासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरनं सांगतलं, एका वेळी लहान वाटीभरच खा. आईले घरात तेवढी लहान वाटी एकच दिसली. देवघरातली, पितळेची, नैवेद्याची.

वरण, पेज, दही, सारं त्यातच. मग एका रविवारी बायकोनं मासोळीचा रस्सा केला. वासानंच मी येडा झालो.

"आई, वाढ न!"

"देवाच्या वाटीत मासोळी?"

"मग मोठ्या वाटीत अर्धी दे."

"तू अर्ध्या वाटीवर थांबणारा असता, तं पोट कापाची पाळी आली असती काय?"

मी रुसून बसलो, पंचेचाळीस वर्षांचा माणूस! शेवटी आईनं देवाले हात जोडले, माफी मागतली अन् त्याच वाटीत रस्सा वाढला.

तिसऱ्या चमच्याले माझं पोट गच्च.

आई भडकली. "तीन चमच्यांसाठी देवाची वाटी बाटवाले लावली मले?"

दुसऱ्या दिवशी तिनं भंडाऱ्याहून देवासाठी नवी वाटी आणली. चांगली दुप्पट मोठी.

"एवढी मोठी काहून?"

"त्याचं काही ऑपरेशन नाही झालं!"