मले गुण आला

—गुण? गुण येते जी. कोनाले येते, कोनाले नाई येत. तुमच्या भावाले येईनच असं मी म्हननार नाई, पन मले आला. बसा ना, उभे काऊन? आतून नाव पुकारायले टाइम हाय अजून. नव्या औषधाच्या कागदावर सही कराची का नाई कराची हे तुमचं तुम्ही पाहा, पन विचारलं म्हनून सांगतो. माही डाव्या बाजूची किडनी काढली, तवा वाटलं सुटलो, तं वर्ष होत नाई तं फुप्फुसात गाठी निंघाल्या. आधीच्या डॉक्टरनं हात टेकले. मंग इथं म्हनले, एक नवं औषध लोकाईवर तपासून पाहून राह्यलो, येता का? चिठ्ठी टाकल्यावानी असते ते—अर्ध्या लोकाईले नवं, अर्ध्याईले जुनं, कोनाले काय ते कॉम्प्युटर ठरवते. मले नवं लागलं. हे औषध सोता कॅन्सरले मारत नाई म्हने. आपल्या अंगातलाच राखनदार झोपला असते, त्याले उठवते, मंग तो कॅन्सरले हुडकते. म्हनून ताप येते. सुई टोचली का मंग हाडं खिळखिळी होतीन अशी थंडी—चादरी पुरत नाई—तवा भावाले पाहून घाबरू नका.

तुम्ही म्हनान, गुण आला तं तोंड असं काऊन? बरोबर हाय तुमचं. आताच आत मॅडमनं फोटो लाइटवर लावून दाखवला—मोठी गाठ बोरायेवढी राह्यली, बारक्या तं दिसतच नाई. पेढे आना म्हने रूपरावजी, हसून राह्यल्या बिचाऱ्या. अन् मी मान खाली घालून बाहेर आलो, काही चोरून आनल्यावानी. आत पेशंटले एकट्यालेच घेते, फोटो बी त्याइच्याच जवळ राह्यते, म्हनून बरं. पोरगी नव्हती. आचल नाव तिचं. थर्मासात बरफ भरून आनाले गेली—औषधाच्या शिशा थंड्याच न्या लागते समुद्रपूरपर्यंत, अन् या वैशाखाच्या उन्हात! घरी तीच टोचते मले. नर्सबाईनं एकदा दाखवलं, शिकली. हात असा हलका का समजत नाई. आता मायले शिकवून राह्यली. होळीपासून संत्र्यावर टोचत होत्या दोघी, संत्रे सरले तं आता लिंबावर—काऊन तं येत्या आठवड्यात लगन हाय तिचं. तळेगावले देली. पोरगा चांगला हाय, त्याले मी नाव नाई ठेवत. किराण्याचं दुकान हाय आमच्यासारखंच. पन ते लोक म्हनते, शिक्षन-बिक्षन आता पुरं झालं, दुकानावर मानूस पायजे. अन् हिचं डी.एड.चं एकच वर्ष राह्यलं जी. मेरिटवर नंबर लागलता, आमच्या आळीतून हिचा एकटीचा. मास्तरीन व्हायचं तिले. दुकानात साखर बांधता बांधता गिऱ्हाइकाच्या पोराईले पाढे विचारे, चुकला तं पुडाच देत नव्हती.

सोडलं तिनं ते. बाप चालला, त्याच्या डोळ्यादेखत लगन व्हावं म्हनून.

नाई नाई, मी नाई म्हनलो तिले. माह्या तोंडून शब्द नाई निंघाला. बायको म्हने, बंडूजी म्हने—माहा लहाना भाऊ, तो तं कित्येक वर्सं बोलत नव्हता, बिमारी ऐकून दारात आला अन् स्थळ बी त्यानंच आनलं. आता मांडवाची धावपळ तोच करून राह्यला. बायको आयुष्यभर खेकसली माह्यावर, आता पानी बी विचारून देते. खोटं काऊन बोलू, बरं वाटते जी ते. मरनाऱ्या मानसाचा शब्द कोनी खाली पडू देत नाई, अन् मले तं घरात कोनी कधी विचारलंच नव्हतं.

हो, समजते मले तुम्ही काय म्हनता ते—आज समजलं ना, तं आजच सांगून टाका, लगन पुढं ढकला, पोरगी शिकन. हो ना. आज समजलं. म्हनजे… आज नाई.

आज नाई समजलं जी. होळीच्या वक्ताले पहिला फोटो काढलता, तवाच मॅडमनं सांगतलं का गाठी आटून राह्यल्या. मी बाहेर आलो, ती या बाकड्यावरच बसून होती, अन् मले एकदम भरून आलं—सुखानं जी, सुखानं!—हुंदका आवरेना, शब्द फुटेना. अन् ती समजली का संपलं. माह्यासंगं रडली, माहा हात धरला, अन् गाडीत, जाम गावचा चौरस्ता आला तवा म्हने, “बाबा, त्या तळेगाववाल्याईले हो म्हनून द्या.” तोवर ती नाई म्हनत होती, बरं का. मले तवा सांगता येत होतं. समुद्रपूर आलं नव्हतं अजून. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. मनात म्हनलं, गुण टिकते का नाई कोनाले माहीत, पोरगी उजवली जाते, भाऊ घरात येऊन राह्यला, तं राहू दे. अन् राहूच देलं.

असे पाहू नका जी माह्याकडं. मले लाज वाटते. ती सुई टोचते अन् विचारते, दुखलं का बाबा, तवा जमीन फाटून पोटात घेईन तं बरं असं होते. तुम्हाले एक सांगू? आज आत गेलो ना, तं देवाले हेच मागून राह्यलतो, का गाठ वाढली असू दे. म्हनजे मी खोटा पडनार नाई. इथं लोक गाठ कमी व्हावी म्हनून नवस बोलते, तुमचा भाऊ तिकडं खाटेवर पडला, अन् मी असं मागून राह्यलतो. मले गुण आला अन् मलेच तो नको झाला. काय मानूस हाय मी.

सांगतो जी. सांगतोच आज. अजून हळद लागली नाई तिले, पत्रिका वाटल्या तं वाटल्या, लोक बोलतीन तं बोलतीन. बंडूजी पुन्हा तोंड फिरवन, फिरवू दे—ते पाहा, आलीच. हिरव्या दुपट्ट्याची. तुम्ही उठू नका, तुम्ही काही बोलू नका, हात जोडतो तुमच्यापुढं. माहं मी सांगतो.

भेटला बरफ, बाई? ये, बस… हो, झाली भेट. फोटो पाह्यला मॅडमनं… काय म्हनतीन… थांब ना, सांगतो… नाई, रडत नाई मी, घाम हाय तो…

हाय तसंच हाय म्हने, बाई. तू नको रडू, डोळे पूस… हे? हे भाऊ आज पहिल्यांदाच आले इथं, याइले आपलं काही माहीत नाई. याइले नको विचारू. चाल, उठ, गाडी लागली असंन.