वही मात्र फर्स्ट क्लास

...आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, नव्या पेशंटना चार शब्द सांगा." चार शब्द! अहो, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, मान खाली घालून. गिऱ्हाइकाशी धड बोललो नाही कधी, आणि आता दवाखान्याच्या बाकावर तुम्ही आठ नवे मधुमेहवाले आणि मी म्हणे अनुभवी. कसला डोंबलाचा अनुभव? पण तुम्हाला सांगतो, माझ्यासारखी शुगरची वही इथं कुणी ठेवली नसेल. निळ्या शाईत तारीख, वेळ, आकडा. ब्याण्णव. सत्त्याण्णव. एकशेचार. खाडाखोड नाही. वही मात्र फर्स्ट क्लास!

आता तुम्हाला मशीन दिलंय ना, तसंच मलाही दिलं होतं. आपल्या डॉक्टरीणबाई, रागावल्या तरी गोड बोलणाऱ्या, म्हणाल्या, "काका, रोज सकाळी बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा लिहायचा. सोप्पंय." सोप्पं? अहो, घड्याळजीचं बोट हे! तिळाएवढा स्क्रू बोटाच्या टोकाला कळावा लागतो, तिथं सुई खुपसायची? पहिल्या दिवशी सुई बोटाला लावली, दाबली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बायको ओल्या हातानं बाहेर आली, म्हणाली, "आणा इकडे, माझं टोचते. एकाच भांड्यातलं जेवतो, चहा एकाच किटलीतला, तोही बिनसाखरेचा. बत्तीस वर्षं झाली, रक्त काय वेगळं असणार आहे?"

हसताय? हसा. पण मला तेव्हा ते पटलं हो... सोयीचं असलं की माणसाला काहीही पटतं.

वर्षभर टोचून घेतलं तिनं. कणीक मळताना मिठानं बोट चुरचुरायचं, पण हूं नाही की चूं नाही. एकदाच म्हणाली, "एक दिवस तुमचंही बघू या का हो?" मी खेकसलो, "चांगलं चाललंय तर दृष्ट कशाला लावतेस?" झालं, परत विचारलं नाही. तिकडे डॉक्टरीणबाई खूश. "तुमच्यासारखे सगळे असते तर काका!" दंडातून रक्त काढून तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी त्या दर वेळी लिहून द्यायच्या, ती मी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत टाळली. वही आहे ना! तिच्यावर विसंबून बाईंनी माझी गोळी अर्धी केली आणि मी आनंदानं घरी जाता जाता बेकरीत शिरलो. तहान लागायची, थकवा यायचा, म्हटलं वय झालं. वही मात्र फर्स्ट क्लास!

मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या घड्याळात केस दिसला. तबकडीवर, काळा, बारीक. फुंकर मारली, जाईना. चिमट्यानं धरायला गेलो, सरकला. गिऱ्हाईक म्हणतंय, "कुठाय केस?" मी म्हणतोय, "डोळे तपासून घ्या साहेब." दुसरं घड्याळ उघडलं, त्यातही केस. तिसऱ्यात दोन. वैतागून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं... तर भिंतीवरही तोच.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण, घाईतले. "काका, डोळ्यात आतून रक्त उतरलंय. साखर बरेच महिने वाढलेली असणार." म्हटलं, शक्यच नाही, आणि थाटात वही पुढे केली. त्यांनी पानं चाळली, परत चाळली, म्हणाले, "काका, या वहीतल्या माणसाला मधुमेहच नाहीये."

शेजारी बायको बसली होती. तिनं नुसता हात पुढे केला, शाळेत छडी खायला करतात तसा. बोटांची टोकं सगळी काळवंडलेली. वर्षभर रोज माझ्यासमोर होता तो हात, आणि मी तो बघितला त्या दिवशी.

लेझर झालं. इंजेक्शनं झाली, तीही डोळ्यात बरं का, सुईला घाबरणाऱ्या माणसाच्या डोळ्यात! उजवा गेलाच. डाव्याला दार कुठंय ते कळतं, काटा कुठंय ते नाही. दुकानाला कुलूप लागलं. आणि ती रोज म्हणते, "माझ्यामुळे झालं." अगं, तू बोट दिलंस, घेतलं मी! सांगून सांगून थकलो, तिच्या मनातून जात नाही. डोळ्यापेक्षा ते जास्त लागतं, खरं सांगतो. म्हणून तुमच्यापुढे उभा राहिलो, नाहीतर मला कुठलं बोलता येतंय? स्वतःचं बोट टोचा. मुंगी चावल्याएवढं दुखतं. मी आता दिवसातून तीनदा टोचतो, वही ती लिहिते. आकडे वेडेवाकडे, कधी दोनशेदहा, कधी एकशेवीस. फर्स्ट क्लास वगैरे काही नाही, पण खरी आहे.

गेल्या आठवड्यात ती दंडातली तपासणीही केली. बाईंनी कागद हातात ठेवला. "काका, रिपोर्ट छान आलाय, बघा तरी!" डाव्या डोळ्याजवळ धरला, पार नाकाला टेकेपर्यंत. नुसतं पांढरं. शेवटी बायकोनं घेतला, वाचायला लागली आणि मध्येच नाक ओढायला लागली. म्हटलं, "रडतेस कशाला? आधी नाव नीट वाच... माझंच आहे ना?"