कोनच्या आगराचं मीठ

मी गव्हानचा, आजा मिठागरात, बाप मिठागरात, शाळा माझी दुसरी, तीबी अर्धी, पन मीठ कोनच्या आगराचं ते जिभेवर ठेवून सांगायचो, काय सांगू तुमाला, अजून सांगीन.

आमचा देव रानात, पनवेलच्या पाठच्या डोंगरात, गुहेतला महादेव. दोन तास चढन, मग वाकून आत. म्हाशिवरात्रीला आमचे लोक तिथं नारळ नाय, हंगामाचं पयलं मीठ नेतात. उंबऱ्यावर गुरव बसतो, तो विचारतो, कोनच्या आगराचं? आपन आगराचं नाव घ्यायचं, मग तो ओंजळ धरतो. बाप बोलायचा, तिथं खोटं बोलला त्याचं मीठ पिकत नाय. मी चाळीस वर्षं नाव घेतलं, वडाचा आगर, छाती काढून घेतलं.

मग आगर विमानतळाच्या भरावात गेला. मी एक रांजन मीठ राखलं होतं, दर साली त्यातली मूठ न्यायचो. पन मीठच ते, पावसाळ्यात पानी सोडतं. गेल्या साली बुडाला नुसता वलसर डाग. पोरगा बोल्ला, बाबा, दुकानातली पिशवी न्या, देव काय पिशवी वाचतो? सून हसली. मी चिडलो, आन चिडून काय केलं, तीच पिशवी फोडून फडक्यात बांधली आन निघालो.

चढताना दम लागला, जागोजाग बसलो, आन बसलो की तेच, नाव घ्यायचं का नाय. घेतलं तर कोनाला कळनार? गुरव माझ्याच वयाचा, मोतीबिंदू दोघांना. उंबऱ्याशी टेकलो तसा त्यानं विचारलं, कोनच्या आगराचं? नाव तोंडाशी आलं होतं. मागून रांगेतला कोन बोल्ला, आजोबा झोपले काय. मी बोल्लो, दुकानाचं.

तो ओंजळ धरूनच बसला. बोल्ला, ठेव रे, आता समद्यांचंच दुकानाचं, पन नावं घेतात बुडलेल्या आगरांची, मी आपला घेतो. मी बोल्लो, मग विचारतोस कशाला? तो बोल्ला, नाय विचारलं तर मी इथं बसू कशाला?

मी सोडलेलं फडकं परत बांधलं आन मीठ घेऊन तसाच खाली आलो, पिंडी बघितली नाय. लोक बोलतात डोकरा माजला. माजलो.

यंदा पोरगा मीठ घेऊन वर गेला. उंबऱ्यावर वडाच्या आगराचं नाव घेऊन आला, त्या आगरात कधी पाय घातला नाय त्यानं. परसाद आनला, मी घेतला नाय. तुमी जावा एकदा, चढन जपून चढा. तुमाला आगर नाय, कोन काय विचारनार नाय. सुखानं दर्शन घ्या.