सत्यभामाकाकीच्या सोलांचा ठसा

आमचं मूळ घर आमोण्याला, नदीच्या काठी. बाबा देवळांच्या भिंतींवर कावीचं काम करायचे, म्हणजे तांबडा गिलावा ओला असतानाच पातीने खरवडून आतला पांढरा चुना वर आणायचा, वेली, मोर, हत्ती, जे सांगाल ते. तो हात माझ्यात आला, पण देवळं काही माझ्या वाट्याला आली नाहीत, माझ्या वेळेपर्यंत सगळ्यांना ऑइलपेंट हवा झाला, मग मी डिचोलीत दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो. वासू पेंटर तो मीच. बसवर लिहिलं, खाणीच्या ट्रकांवर लिहिलं, काय सांगू तुम्हाला, अर्ध्या डिचोलीवर माझं अक्षर होतं. आणि आज सांगायला बसलोय ते जिथे मी लिहिलं नाही तिथलं.

नार्वेला सत्यभामाकाकी राहायची. नात्यातली नव्हे, बाबांच्या ओळखीची. नवरा लवकर गेला, मागे एक लहानसं कुळागर, त्यात पोफळी आणि कोकमाची दहा-बारा झाडं. त्या कोकमांची ती सोलां, म्हणजे आमसुलं, करायची. तशी सोलां मी दुसरीकडे पाहिली नाहीत, खरंच सांगतो. साल उन्हात घालायची, त्याच फळाच्या रसात बुडवायची, परत उन्हात, असं सात वेळा. मीठ चिमटीभर, रंग कसलाच नाही. पोफळीच्या झावळीचा रुंद देठ असतो ना, विरी म्हणतो आम्ही, त्यात बांधून दर बुधवारी डिचोलीच्या बाजारात आणायची.

एकदा म्हणाली, वासू, लोकांना कळायला हवं रे हे माझं ते, काहीतरी खूण करून दे. मी म्हटलं कमळ काढू, कलश काढू? ती म्हणाली, कमळ माझ्या झाडाला लागतं काय? मग तिने आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, एक कोकम आडवं चिरून माझ्यापुढे ठेवलं, आत बियांच्या पाकळ्या, पाच मोठ्या आणि एक पोचट. मी पोचट सोडून काढलं तर हसली. म्हणाली, तीपण घाल मरे, नाहीतर लोक फूल समजून डोक्यात माळतील.

फणसाच्या फळीवर मी तो ठसा कोरला. आठ दिवस लागले. काव भिजवून विरीवर उठवला तेव्हा काकीने ती विरी उन्हात धरून पाहिली. मग म्हणाली, खाली नाव घाल. सत्यभामा, नार्वे. इतकंच.

आता ते दिवस कसले होते ते तुम्ही ऐकलं असेल. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, ह्यावरून सख्खे भाऊ एकमेकांकडे चतुर्थीला जाईनासे झाले होते. माझ्या पाट्यांना डांबर फासलं गेलं, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या. मी भ्यालो होतो. मी म्हटलं, काकी, अक्षर नकोच, अक्षर दिसलं की लोक विचारणार तू कोणाची, चित्र कोणाचंच नसतं. तू शिकलेला, तुला कळतं, म्हणाली, आणि नाव राहिलं. सत्यभामा हे नाव दोन्ही भाषांत तेच हो, एक कानामात्रा बदलत नाही. भीती माझी होती, ती मी तिच्या गळ्यात घातली.

ठसा चालला. बायका त्या खुणेवर सोलां घेऊ लागल्या. माझं काम मात्र बसलं, डांबराच्या भीतीने नवी पाटी कोण लावणार? तेव्हा बाजारातला एक व्यापारी आला, नाव घेत नाही. म्हणाला, माझ्या सोलांना खूण हवी, आणि काकीची विरी पुढे टाकून म्हणाला, हीच. मी नाही म्हटलं असतं तर? पण मनाला म्हटलं, चिरलेलं कोकम ते, कोणाच्या मालकीचं? त्याच फणसाच्या फळीचा उरलेला तुकडा घरात होता. त्यावर कोरला. पोचट बीसुद्धा घातली.

श्रावणातला बुधवार. मी बाजारातच शिडीवर चढून एका दुकानाचं दार रंगवत होतो. शाळेतली एक बाई आली, काकीची जुनी गिऱ्हाईक, आणि तिने काकीच्या पुढ्यात सोलां ओतली, बुरशी धरलेली, बोटांना रंग लागणारी. तुझी खूण बघून दुकानातून नेली, विधवा बाई म्हणून विश्वास ठेवला गो तुझ्यावर, आणि पोरांना हे चारलंस? माणसं जमली. काकी पुन्हा पुन्हा म्हणत होती, ही माझी नव्हेत, ही माझी नव्हेत. मग तिने वर पाहिलं. वासू, तू सांग मरे, तू केलेला ठसा, तू सांग.

व्यापारी समोरच उभा होता. मी म्हटलं, ठसा तर तुझाच दिसतो, काकी.

इतकंच बोललो मी. तिने टोपली उचलली आणि गेली, परत बाजारात बसली नाही. पुढे कोकमं झाडावरच विकायची, घेणारा तोच व्यापारी. गोवा राज्य झालं, डिचोलीत पेढे वाटले, मला पुन्हा भरपूर पाट्या मिळाल्या. नार्वेच्या वाटेला मात्र मी गेलो नाही.

आता पन्नाशी आली. गेल्या चैत्रात गेलो. काकी सोप्यावर बसली होती, पार वाकलेली. सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, मला सांगून काय? माझी सोलां कशी होती ते मला ठाऊक आहे. त्या शाळेतल्या बाईला सांग.

त्या बाईच्या घरी गेलो. ती वारली होती. सुनेने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कसली सोलां? व्यापारीही आधीच वारलेला. त्या दिवशी बाजारात जमलेल्यांतलं कोणी मला सापडेना, सापडला त्याला आठवेना. परत काकीकडे येऊन हे सांगितलं. ती म्हणाली, मग राहिलंच म्हणायचं.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुम्ही लिहिता म्हणून. माझं नाव बदलू नका. आणि हे स्पष्ट लिहा, नार्वेच्या सत्यभामाकाकीने कोणाला खोटा माल दिला नाही. तुमचं बरं होवो. काकी अजून आहे, छापून आलं की आधी तिला वाचून दाखवा, मला नंतर.