मुकादमाची सोडवणूक

फसवून दाखवा मला! घाटकोपरच्या या अख्ख्या डोंगरावर या धोंडूला फसवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, तुम्हाला सांगतो... आता शिमग्यातल्या माझ्या एका थट्टेपासून चाळीत माझ्याशी कोणी बोलतच नाही, तर फसवणार कसा, हा भाग निराळा. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की स्वतःचं कुत्रं, सहा वर्षं आपल्या दारात झोपलेलं, ते सोडवून आणायचं तर मला फॉर्म भरायला लावला! फॉर्म! वर छापलंय 'दत्तक अर्ज'. दत्तक! अहो, अठ्ठावीस वर्षं मी गिरणीत साच्यावर उभा, संप झाला, गेटला कुलूप लागलं, त्याला आता चार वर्षं झाली, मला कोणी अर्ध्या कागदाची चिठ्ठी नाही दिली की बाबा, तू आता जा. आणि कुत्र्याला चार पानी अर्ज!

कुत्रं कोण ते सांगायचं राहिलंच. मुकादम. हे नाव मी ठेवलं. आमच्या खात्यातला मुकादम असाच दाराशी बसायचा आणि उशिरा येणाऱ्याकडे असा डोळा वर करून बघायचा की माणसाला आपोआप लाज वाटावी. त्याला मला कधी उलट बोलता आलं नाही. मग म्हटलं, या कुत्र्याला बोलू. रोज सकाळी उठून, 'ए मुकादम, हो बाजूला!' काय बरं वाटायचं म्हणून सांगू! पण कुत्रं खरं रुक्मिणीचं, आमच्या हिचं. शेवटची भाकरी जरा जाड थापायची ती त्याची. तिनेच लायसन काढायला लावलं, चामड्याचा पट्टा आणला, त्याला पितळी बिल्ला लावला. कारण गळ्यात बिल्ला असला की कुत्री पकडणारी गाडी हात लावत नाही. नसला की उचलला.

आणि मंगळवारी दुपारी तो नव्हता.

का नव्हता, ते मी सांगणार आहे, लपवणार नाही. आमच्या चाळीचे सेक्रेटरी नाना. दुपारी जेवून गॅलरीत आरामखुर्ची टाकतात आणि तोंड उघडं टाकून घोरतात, पार खालच्या नळापर्यंत ऐकू येतं. आता तुम्हीच सांगा, समोर एवढी जाड मान, मागे डोकं टेकलेलं, आणि शेजारी मुकादम बसलेला, त्याच्या गळ्यात पट्टा... कोणाचा हात राहील हो जागेवर? मी हळूच त्याचा काढला, नानांना घातला. अगदी मापात बसला! बिल्ला बरोबर गळ्याच्या घाटीवर. पोरंबाळं, बायका, सगळी चाळ गॅलरीत जमली, पदर तोंडात कोंबून हसतायत. नाना जागे झाले, समोर गर्दी बघितली, त्यांना वाटलं सभा आहे, उठून बोलायलाच लागले! 'बंधूंनो, पाण्याच्या टाकीचं काम...' आणि बिल्ला वाजतोय, टिणटिण, टिणटिण!

तेवढ्यात खाली गाडी आली, आणि मुकादम त्या गलक्याला कंटाळून नेमका खाली उतरलेला.

नाना वाचले. मुकादम गेला. तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मी काय गाडीला आवतण धाडलं होतं?

रुक्मिणी नळावरून हंडा घेऊन वर आली. गुडघ्याची आधीच बोंब, एकेक पायरी देवाचं नाव घेऊन चढते. दारात बघितलं आणि विचारलं, 'मुकादम खंय?' मी खाली, गाडी गेली त्या रस्त्याकडे बघितलं. 'तेचो पट्टो खंय?' मी नानांच्या दाराकडे बोट दाखवलं. हंडा तिने खाली ठेवला. बस. तेव्हापासून बोलली नाही. भाकऱ्या भाजते, शेवटची जाड थापते, आणि तव्यावरच ठेवते. ती भाकरी तिथेच कडक होऊन जाते. ओरडली असती तर परवडलं असतं हो!

तर चेंबूरच्या पुढे, गोवंडीच्या अलीकडे एक मंडळ आहे, मुक्या जनावरांवर दया करणारं. गाडीने पकडलेली कुत्री ते तीन दिवस सांभाळतात. मालक आला तर त्याला देतात, दत्तक घेणारा कोणी आला तर त्याला देतात, आणि कोणीच आलं नाही तर चौथ्या दिवशी सकाळी दहाला परत ती गाडी. पुढे काय? तिथे कुंडलिक म्हणून एक खाकी चड्डीतला माणूस आहे, कुत्र्यांना पाणी घालतो, त्याला मी विचारलं. त्याने नुसतं हातातल्या बादलीत बघितलं.

आणि टेबलाशी नलिनीबाई. चष्मा, खांद्यावर पिन, आवाज असा की माणसाला वाटावं आपल्यालाच ताप आलाय. 'बसा हं आजोबा. पाणी घेता? लायसनचा बिल्ला आणलाय ना?' आता बिल्ला कुठला? नानांनी पट्टा उपटून गटारात फेकलेला! 'मग सोसायटीचं पत्र आणा हं, कुत्रं तुमचंच आहे म्हणून.' घ्या! सोसायटी म्हणजे कोण? नाना! गेलो. हात जोडले. खोटं नाही, जोडले. नाना म्हणतात, 'धोंडू, बिल्ला माझ्या गळ्यात होता ना रे? मग लायसन माझं. तू असं कर, संध्याकाळी मला फिरायला ने. जिन्याच्या खांबाशी उभा राहीन मी!' आणि दार लावलं. सही नाही. माणसाने एवढं मनात धरावं? यात माझं काय चुकलं?

मग काय, तो फॉर्म. आणि फॉर्म समोर आला की मला हात आवरत नाही, चौथीपर्यंतच शिकलो ना, मास्तरांनी तिथेच हात टेकले. 'व्यवसाय'. मी लिहिलं, घाम गाळणे, सध्या बंद. 'घरात एकूण जागा'. लिहिलं, कुत्र्याला पुरते, मला पुरत नाही. 'आपण बाहेर असताना प्राण्याकडे कोण लक्ष देईल?' लिहिलं, मी बाहेर असताना माझ्याकडे कोण देतं? म्हटलं, बाई हसेल, तिचा दिवस बरा जाईल. बाईने चारही पानं वाचली. मान वर केली नाही. लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलं. त्याच टेबलावर माझ्यादेखत एक मोटारवाली बाई पांढरं झिपरं विलायती कुत्रं घेऊन गेली, पाच मिनिटांत! तिला 'आपण बाहेर असताना' विचारलं नाही कोणी. कुंडलिक म्हणाला, 'बाबा, झिपऱ्याला गिऱ्हाईक हाय. गावठ्याला कोन पुसतंय?' मी म्हटलं, 'माहितंय रे मला. मी पण गावठीच.'

तो झाला बुधवार. आज गुरुवार, तिसरा दिवस. मी सकाळी निघालो तर रुक्मिणीने न बोलता हातात पुडी दिली. बांगड्याचं डोकं, तळलेलं. तिकडे पोचलो. नलिनीबाई म्हणतात, 'आजोबा, कागद काहीच नाही तुमच्याकडे. पण मी असं करते, कुंडलिक सगळ्यांना अंगणात सोडेल. तुम्ही हाक मारा. तुमचा असेल तर येईलच ना तो धावत? आला की घेऊन जा, फॉर्मचं मी बघते.' वाईट नाही हो बाई, उगाच बोललो. मला हसूच आलं! म्हटलं, एवढंच? सहा वर्षं रोज हाक मारतोय!

हां. आता ही रोजची हाक कशी, ते पण सांगायला पाहिजे. रोज संध्याकाळी मी गॅलरीच्या टोकाला बसायचो, मूठ मिटायची, बोटं चोळायची, आणि, 'मुकादम! ये ये ये! मटण, मटण!' तो असा सुटायचा, नखं लादीवर खरडत, शेपटी गोल गोल... आणि मूठ उघडली की रिकामी! सगळी गॅलरी हसायची. त्याला पण गंमत वाटत असणार, नाहीतर दुसऱ्या दिवशी कशाला येईल? पहिली दोन वर्षं धावत आला. मग चालत. मग जागेवरूनच मान वर करायचा. हल्ली एक डोळा उघडायचा आणि मिटायचा. मी म्हणायचो, म्हातारा झाला.

तर अंगणात अठरा कुत्री. मुकादम कोपऱ्यात, भिंतीशी, बरगड्या दिसायला लागलेल्या. मला बघितलं त्याने. बघितलं, शप्पथ! कान हलला. मी पुडी सोडली, बांगड्याचं डोकं हातात घेतलं, आणि आता सवय हो, सहा वर्षांची सवय... मूठ मिटली. 'मुकादम! ये ये ये!'

सतरा आली! लुळी, लंगडी, खरुजलेली, ज्यांच्या सात पिढ्यांनी मला पाहिलेलं नाही, ती सतराच्या सतरा अंगावर! एक धोतराला लोंबकळतंय, एक चष्मा चाटतंय! आणि मुकादम? त्याने माझ्या मुठीकडे बघितलं. वास आला असेल ना त्याला? आला! जिभेने नाक चाटलं त्याने, मी पाहिलं. मग उठला, गोल फिरला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी मूठ उघडली, ओरडलो, 'अरे आहे रे! खरंच आहे रे आज, बघ तरी!' त्याने मान नाही वळवली. हातातलं डोकं कोणी नेलं, कळलं पण नाही.

कुंडलिक म्हणाला, 'बाबा, सतरा आली. तुमचं कुटलं?' मी भिंतीकडे बोट दाखवलं.

नलिनीबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'असू दे हं आजोबा. वाईट वाटून घेऊ नका. जो आलाच नाही तो तुमचा म्हणून कसा देऊ मी? या सतरातला कुठलाही घ्या, आवडेल तो.'

आवडेल तो!

घरी आलो. किती वाजले, बसने आलो की चालत, काही विचारू नका. रुक्मिणी दारात बसली होती, गुडघ्याला तेल चोळत, शेजारी ठेवणीतलं लुगडं, उद्याच्या बसचे सुटे पैसे. मी रिकामा आलेला बघून तिने ते पैसे पदराच्या गाठीत बांधले. मला कळलं, सकाळी ही स्वतः निघणार, एकशे चाळीस पायऱ्या उतरून, दहाच्या आत. मी म्हटलं, 'अगं, गर्दी होती, लांब होता, ऊन होतं... मला वाटतं त्याने मला ओळखलंच नाही.'

आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा बाई बोलली. मान वर न करता, तेल चोळता चोळता म्हणाली, 'ओळखल्यान. म्हणानच इलो नाय.'