जिन्याखालची घंटा

श्यामकांत : थांब, थांब. मोठा कर तो फोटो. पाटीवर काय लिहिलंय म्हणालीस?

दमयंती : तूच वाच. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाहीये.

श्यामकांत : पितळी घंटा. मागे दगडी जिना. घंटेखाली पाटी, तिच्यावर... एच, ई, एम... हेमचंद्र मयेकर! अगं, हे तर तुझ्या बाबांचं नाव!

दमयंती : हो.

श्यामकांत : हो काय हो? ही कुठली भिंत आहे?

दमयंती : व्रेल्नाच्या नगरपालिकेची. स्लोवेनियात आहे ते गाव. मी वर्षाच्या सुरुवातीला ज्यांच्या वेबसाइटचं काम करत होते ना, तेच.

श्यामकांत : आणि त्यांच्या भिंतीवर तुझ्या बाबांचं नाव? विमानाचं नुसतं नाव काढलं तरी त्या माणसाला घाम फुटतो! रियाधला चार वर्षं बोलावतोय आपण, आले का? मग थेट युरोपात कसे पोचले?

दमयंती : मी पोचवलं.

श्यामकांत : म्हणजे?

दमयंती : ओरडणार नाहीस ना?

श्यामकांत : हे ऐकून कधी कोणी ओरडायचं राहिलंय का? बोल.

दमयंती : त्या वेबसाइटवर गावकरी सूचना टाकतात. गावासाठी काय करावं, ते. मग सगळं गाव मतं देतं आणि जी सूचना पहिली येईल ती नगरपालिकेनं वर्षभरात करून दाखवायची. मी तिचं टेस्टिंग करत होते. नुसतं "टेस्ट टेस्ट" लिहिलं तर ती घेत नव्हती, पानभर खरी वाक्यं लागायची. त्या दिवशी सकाळीच बाबांचा फोन झालेला. डोकं तापलेलं होतं. म्हटलं, हेच लिहू.

श्यामकांत : घरपट्टीचं?

दमयंती : तेच. काका गेल्यावर घर बाबांच्या नावावर करायचं होतं, त्यासाठी नगरपरिषदेत अकरा खेपा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, बाबांचे गुडघे तसे. धापा टाकत वर जायचं आणि वर कोणीतरी सांगणार, साहेब मीटिंगला गेलेत. मी लिहिलं, जिन्याखाली एक घंटा बसवा. ज्याला चढवत नाही त्यानं ती वाजवावी आणि साहेबानं खाली उतरून यावं. नाव टाकलं हेमचंद्र मयेकर.

श्यामकांत : बरं, मग टेस्टिंगचं ते टेस्टिंगमध्येच राहतं ना? मी बँकेत पंधरा वर्षं हेच केलंय. खोट्या कॉपीवर काम करायचं, खरी वेगळी असते.

दमयंती : त्यांनी शुक्रवारी दुपारी खरी चालू केली. मेल शुक्रवारी टाकला.

श्यामकांत : शुक्रवारी आपली सुट्टी.

दमयंती : आणि रविवारी त्यांची. मी रविवारी सकाळी आठला येऊन बसले, मेल न उघडता जिथे सोडलं होतं तिथून सुरू केलं. तिथे सगळे झोपलेले, विचारायला कोणी नाही. अकरा वाजता मेल वाचला. मी जे लिहिलं होतं ते त्यांच्या भाषेत आपोआप भाषांतर होऊन खऱ्या वेबसाइटवर झळकत होतं.

श्यामकांत : पुसून टाकायचंस!

दमयंती : पुसलं की कोणी पुसलं त्याची नोंद राहते. माझ्या मॅनेजरला, हाशिरला सांगितलं. तो म्हणाला, "छोड दो, तीन सौ में एक है, डूब जाएगा." मी सोडलं. पुढच्या आठवड्यात मला दुसऱ्या कामावर टाकलं. मी परत तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

श्यामकांत : आणि ते बुडालं नाही.

दमयंती : पहिलं आलं, श्याम. आज सकाळी हाशिरनं हा फोटो पाठवला तेव्हा मला कळलं. आता त्या गावाचं नाव कुठल्याशा मोठ्या बक्षिसासाठी गेलंय. युरोपातल्या छोट्या नगरपालिकांसाठी असतं ते. कारभार चांगला, वर काहीतरी नवीन करून दाखवलेलं, अशा गावाला देतात. ते परीक्षक आज चार वाजता कॉलवर येणार आहेत. नगरपालिकेची बाई आहे, अलेन्का म्हणून, तिनं लिहिलंय, "श्री. मयेकर यांना शोधायला आम्हाला मदत करा."

श्यामकांत : म्हणजे अजून पंचवीस मिनिटांनी.

दमयंती : हो.

श्यामकांत : दमू, दहा महिने! दहा महिने तू हे पोटात ठेवलंस? मला एका शब्दानं बोलली नाहीस?

दमयंती : तुझी नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. तुला काय सांगू, की माझीही टांगणीला आहे?

श्यामकांत : ...बरं. आता नीट ऐक. आपण तिघंही तुझ्या इकाम्यावर, तुझ्या नोकरीच्या परवान्यावर इथे राहतोय. ईशाची दहावी आहे, फेब्रुवारीत बोर्ड. आज तू तोंड उघडलंस आणि त्यांनी कंपनीला धरलं, तर कंपनी कोणाला धरेल? हाशिरला? नाही. तुला फायनल एक्झिट देतील, कायमचं देशाबाहेर, आणि पोरीनं परीक्षा कुठे द्यायची?

दमयंती : मला कळत नाही का ते?

श्यामकांत : मग सांग ना त्यांना, गृहस्थ वयस्कर आहेत, कॉलवर येऊ शकत नाहीत. यात खोटं काय आहे? वयस्कर आहेतच!

दमयंती : हाशिरही हेच म्हणाला. अगदी हेच शब्द.

श्यामकांत : माणूस शहाणा आहे तो.

दमयंती : बाबांना अकरा वेळा काय सांगितलं तिथे? साहेब मीटिंगला गेलेत. साहेब वयस्कर आहेत. साहेब येऊ शकत नाहीत. मी पण खिडकीच्या आतून तेच सांगू? तेही बाबांचंच नाव घेऊन?

श्यामकांत : अगं, तत्त्वाच्या गोष्टी करायला आपल्याला परवडतं का आत्ता?

दमयंती : तत्त्व नाही रे. भीती आहे. त्यांना बक्षीस मिळेल, पेपरात येईल, मग एखादा वार्ताहर हेमचंद्रांना शोधत निघेल. तो माणूस गावात नाहीच म्हटल्यावर त्या बाईची काय अब्रू राहील? आमच्या एका रविवारच्या चुकीपायी?

श्यामकांत : तिची अब्रू तू वाचवायचीस, आणि आपण बॅगा भरायच्या.

दमयंती : तू पाणी दे मला. आणि बाहेरच्या खोलीत बस. तू समोर असलास तर माझ्याच्यानं बोलवणार नाही.

श्यामकांत : म्हणजे ठरवलंयस.

दमयंती : नाही. ते बोलायला लागले की ठरेल.

(तासाभरानं. दमयंती बाहेरच्या खोलीत येते.)

श्यामकांत : काय झालं? बोल काहीतरी. चेहरा का असा झालाय तुझा? काढलं का?

दमयंती : बसू दे मला.

श्यामकांत : सांगितलंस?

दमयंती : सगळं. रविवार, मेल, बाबांचे गुडघे, सगळं. हाशिर मेसेजवर मेसेज टाकत होता, "स्टॉप, स्टॉप". मी तो फोन उशीखाली घातला.

श्यामकांत : मग?

दमयंती : मग अलेन्का म्हणाली, "आम्हाला माहीत आहे."

श्यामकांत : काय?

दमयंती : मलाही असंच झालं. त्यांना मार्चपासून माहीत आहे, श्याम! सूचना पहिली आली तशी त्यांनी रहिवाशांची यादी काढली. हेमचंद्र मयेकर म्हणून कोणी नाही, आणि नोंदीत दिसलं की सूचना रविवारी रियाधहून, आमच्या कंपनीतून आलीय. मग त्यांनी उघडी सभा घेतली. महापौर उभा राहून म्हणाला, या सूचनेचा मालक आपल्या गावात नाही, काय करायचं? गाव म्हणालं, परत मतं घेऊ. परत घेतली, आणि आधीपेक्षा जास्त पडली. कारण त्यांची इमारत तीनशे वर्षांची, लिफ्टला परवानगी नाही, आणि गावात म्हातारे पुष्कळ.

श्यामकांत : आणि हे कोणी तुम्हाला कळवलं नाही?

दमयंती : कळवलं काय, वेबसाइटवर टाकलंय! अख्ख्या सभेचं इतिवृत्त. कोण काय बोललं, कोणी विरोध केला, सगळं. आमचीच कंपनी सांभाळते ती वेबसाइट, पण त्यांच्या भाषेतलं कोण वाचतंय इथे बसून? बक्षिसाच्या अर्जातही हेच लिहिलंय. मी काय घाबरत होते, आणि ते सगळं जगाला दाखवून बसले होते.

श्यामकांत : मग चूक कोणाची ठरवली? तुमची ना?

दमयंती : त्यांची. त्यांनी लिहिलंय, "आम्ही शुक्रवारी दुपारी कळवलं. समोरच्या देशात शुक्रवारी सुट्टी असते का, हे आम्ही विचारलं नाही. चूक नगरपालिकेची."

श्यामकांत : नगरपालिकेनं लिहिलं? स्वतःहून? कागदावर?

दमयंती : तीच ओळ तिनं हाशिरला वाचून दाखवली.

श्यामकांत : काय म्हणाला तो?

दमयंती : कॉल संपल्यावर फोन केला. "खलास, बात खतम, दमयंतीजी. संडे को टाइम पे आ जाना." बस.

श्यामकांत : म्हणजे नोकरी आहे.

दमयंती : आहे.

श्यामकांत : देवा रे. मी इथे बसून मनात सामानाची यादी करत होतो. फ्रीज कोणाला द्यायचा इथपर्यंत आलो होतो. आणि तू रडतेस का आता? आनंदाची गोष्ट आहे ना?

दमयंती : त्या पाटीवर खाली अजून एक ओळ आहे, फोटोत आली नाही. मी विचारलं काय लिहिलंय. अलेन्का म्हणाली, "हे गृहस्थ आम्हाला सापडले नाहीत. त्यांच्यासारखे पुष्कळ सापडले."

श्यामकांत : अरे बापरे.

दमयंती : आणि मग तिनं एकच विचारलं. म्हणाली, एवढ्यासाठीच आम्ही त्यांना शोधत होतो. त्यांचं काम झालं का?

श्यामकांत : कसलं काम?

दमयंती : घरपट्टीचं! बाबांचं! आणि मला सांगता आलं नाही, श्याम. दहा महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही त्यांना. दर शुक्रवारी फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ईशाचा अभ्यास... आणि हे नाही. त्या परक्या बाईनं विचारलं. मी पोटची मुलगी.

श्यामकांत : लाव फोन. तिकडे साडेसात वाजले असतील. स्पीकरवर टाक.

दमयंती : ...हॅलो, बाबा?

बाबा : काय गो बाय, आज गुरुवारी फोन? सगळं बरं आहे ना? श्यामकांतरावांचं काही?

श्यामकांत : मी इथेच आहे, बाबा. सगळं ठीक आहे.

दमयंती : बाबा, ते घर तुमच्या नावावर करायचं होतं ना, नगरपरिषदेत. झालं ते?

बाबा : ते होय? सोडलं मी.

दमयंती : सोडलं? कधी?

बाबा : झाले की चारपाच महिने. बाराव्या खेपेला अर्ध्या जिन्यावर बसलो तो बसलोच. वर जाववेना, खाली उतरवेना. लोक बाजूनं जायचे. मग एका रिक्षावाल्यानं हाताला धरून आणलं. तुला कशाला सांगायचं? तू तिकडे एवढ्या लांब, जिवाला घोर लावून घेशील.

दमयंती : बाबा...

श्यामकांत : बाबा, आता तुम्ही बसलेले आहात ना? मग ऐका. युरोपात एका नगरपालिकेच्या जिन्याखाली तुमच्या नावाची पितळी पाटी लागलीय.

बाबा : श्यामकांतराव, थट्टा करायला सासराच सापडला काय तुम्हाला?

दमयंती : खरं आहे, बाबा. तुमचा त्रास मी लिहून टाकला होता, चुकून. त्यांनी तो वाचला. जिन्याखाली घंटा बसवली. ज्याला चढवत नाही त्यानं वाजवायची, साहेब खाली येतो.

बाबा : येतो?

दमयंती : येतो.

बाबा : खरंच उतरून येतो? स्वतः?

दमयंती : स्वतः. चार मिनिटांच्या आत. उशीर झाला तर का झाला ते शेजारच्या फळ्यावर लिहावं लागतं.

बाबा : चार मिनिटं.

दमयंती : बाबा? आहात ना?

बाबा : आहे गो. चार मिनिटांत मी पहिलं वळणसुद्धा गाठत नाही.

दमयंती : मी पुढच्या महिन्यात येते. रजा टाकते. आपण दोघं जाऊ.

बाबा : तू कशाला येतेस, पोरीची परीक्षा जवळ आली. तू मला तो फोटो पाठव. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा काढून घेतो. उद्या शुक्रवार, ऑफिस चालू आहे.

दमयंती : बाबा, त्या जिन्यावर परत चढायचं नाही. शपथ आहे माझी.

बाबा : चढतोय कोण? फोटो घेऊन खालीच बसतो. बघतो कोण उतरून येतं ते.