तिसरी डिश

— न्हाय, म्हंजे मी काय म्हंतोय ताई, तो राजीनाम्याचा कागद आदी पिशवीत घाला. आज शनवार हाय, समदी घरला गेल्यात, सर सोमवारी येणार. हितं तुमी, मी आन् ह्या घुरघुरणाऱ्या पेट्या — दुसरं कोण हाय बगायला? रडायचं तर रडा, पर त्या डिशीवर वाकून नको, उद्या त्यात बुरशी धरली म्हंजे तीबी तुमच्याच नावावर घालतील. हां... हसला न्हाय. बरं, ऱ्हायलं.

नवं माणूस आलं की मी त्याची जरा गंमत करतो, सव्वीस वर्सं झाली, माझी खोडच हाय ती. त्यो मृत्युंजय, तुमच्या आदी ह्याच टेबलावर हुता — त्याला म्हणलं, हे जंतू दुपारचं झोपत्यात, हळू बोला. गडी आठ दिवस कुजबुजत हुता, ताई, फोनवर आईसंगटबी. आन् तुमी! वाफेच्या भांड्याला पैल्यांदा नारळ फोडावा लागतो म्हणलं, तर तुमी नृसिंहवाडीस्नं नारळ आणला, आन् वर सरास्नी इचारलं शेंडी कुटल्या बाजूला ठेवू म्हणून. सर आठवडाभर माझ्याकडं बगत नव्हतं. खोबरं मात्र ग्वाड हुतं. एम्मेस्सी झालेली तुमी, मी सातवी नापास — मग गंमत कुणाची हुणार? पर कुणाचं वाईट व्हावं म्हणून न्हाय कदी केली. ह्यो मातूर शब्द हाय माझा... म्हंजे, हुता.

तुमचं काम मला कळत न्हाय असं समजू नका. ऊस शिळा झाला की रस तार धरतो, कारखान्यात गाळणं तुंबत्यात. ती तार तोडणारं प्रोटीन हाय, पर कढत रसात ते मरतं. मग तुमी कंप्युटरवर बसून त्याच्या माळेतलं मणी हिकडचं तिकडं केलं, न मरणारं नवं प्रोटीन आखलं, त्याचा जीन मागवला. आता त्यो जंतूंच्या पोटात घालायचा, जंतू डिशीवर वाढलं की पांढरं ठिपकं दिसायचं, आन् तेच जंतू तुमचं प्रोटीन करणार. बराबर का? एवढंच हाय. आन् ठिपका काय येईना. नोव्हेंबरापासनं फेब्रुवारी आला. डिश उजेडाकडं धरून तुमी कानडीत शिव्या देता, त्याबी आता मला पाठ झाल्यात. परवा सर म्हणलं, आखणीच चुकलीय, हे तुमच्या डोक्याचं काम न्हवं. मी चा घिऊन दाराशी हुतो. तुमी आपलं “व्हय सर” म्हणला. कशाला म्हणला व्हय? चार म्हैनं रोज सातला येऊन, डबा तसाच परत नेऊन — व्हय सर?

हितं टिकायचं कसं, सांगू? आपल्या डोक्यावर शंका घ्यायच्या आदी सामानावर घ्यायची. मृत्युंजय तेच करायचा. दिवाळीनंतर तुमी मला इचारलंतं, ध्यानात हाय न्हवं — मामा, दादा किती डिशा लावायचे? मी म्हणलं, दोन. एकीत नवा जीन, एकीत नुसतं जंतू — डिशीतल्या औषधानं बिनजीनाचं जंतू मरत्यात, म्हणून ती कोरीच ऱ्हायाची. तुमास्नीबी डिशा मोजून मिळत्यात, तुमी दोन लावल्या.

तीन लावायचा त्यो. तिसरीत जुना, हमखास वाढणारा जीन. तुमीबी पुस्तकात वाचलं असंल की हे, पर दादानं दोनच लावल्या म्हणल्यावर तुमी सोडून दिलं. तिसरीवर ठिपकं आलं आन् पैलीवर न्हाय, तर खोट तुमच्या जीनात. तिसरीबी कोरी — तर जंतूच मेल्यात, तुमच्या आखणीचा संबंधच न्हाय. सोपं हाय की. मग दोन का सांगितलं? गंमत केली... अवो, तसं बगू नका. न्हाय. गंमत न्हवती ती.

माझा बा गुऱ्हाळावर हुता. खंडेनवमीला चरक फिरायचा न्हाय — अवजाराचा विसावा त्यो, हळद-कुकू, झेंडूची माळ. हितंबी मी दरसाल समदी यंत्रं बंद करून पुजतो, फकस्त ती मोठी गार पेटी सोडून. तिला हात लावायचा न्हाय, सरांचा हुकूम. औंदा म्हणलं, मे म्हैन्यात मी रिटायर, ही शेवटची खंडेनवमी, एवढी वर्सं राबतीया बिचारी — अर्धा तास तिलाबी विसावा दिऊ. बटण दाबलं. पूजा केली. कुलूप लावलं. घरला गेलो. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी आयतवार, आन् सोमवारी दार उघडलं तर पायाखाली पाणी. फडक्यानं पुसलं, बटण दाबलं, सांजच्यापातूर पेटी परत बर्फानं पांढरी झाली. मृत्युंजय जाताना सगळं जंतू तिच्यातच गोठवून ठेवून गेलता. तुमी तेच वापरताय. तवापासनं तेच.

तिसरी डिश लावली असती तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. मग सर इचारणार, पेटी कवा बंद पडली. म्हणून दोन म्हणलं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज तुमी डिश उघडायचा, मी खालमानेनं फरशी पुसायचो. तुमी हुशार हाय, दुसरं काय तरी जमवशीला असं मनाला सांगत हुतो. राजीनामा लिवशीला असं न्हवतं वाटलं, आईची आण.

कुटं चालला? सरांच्या घरला? ताई, तीनच म्हैनं ऱ्हायल्यात माझं. लाइट गेलती म्हणा की, लोडशेडिंग हाय, कोण इचारतंय — बरं, बरं. न्हाय म्हणत. काय लिवताय वहीत? खंडेनवमी... व्हय, सकाळी अकराला. सोमवारपातूर. बराबर हाय. हे काय, खाली माझं नाव कशाला? साक्षीदार न्हवं, ताई — करणारा लिवा. आना हिकडं पेन.

झाली सही. वाकडी हाय, पर माझीच हाय. आता जावा. जावा म्हणलं न्हवं, माझ्याकडं बगत उभ्या ऱ्हाऊ नका.